निघणाऱ्याला ‘या’ म्हणायचं नाही

२६ ऑक्टोबर १९७२

तारीख बाईनं घातली आहे. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दसरा झाला, पोरगा आणि सून कोयता घेऊन उसाला गेले आणि मी आज इथं आले. पण कुलथेबाई म्हणते, तारीख नसली तर पुण्यात कुणी वाचणार नाही. पुण्यात माझी बडबड वाचायला कोण रिकामा बसलाय ते देव जाणे. जो कोणी असशील बाबा, तुला रामराम. मी झुंबरबाई. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि ही नगरची कुलथेबाई मांडीवर वही घेऊन लिहिते. लिहून झालं की वाचून दाखवते, तेव्हा कळतं की मी ‘हाय’ म्हटलेलं तिनं ‘आहे’ केलंय आणि माझ्या ‘न्हाई’चं ‘नाही’. मी म्हटलं, बाई, माझ्या तोंडाला इस्त्री करतेस का? ती म्हणाली, थोडं नीटनेटकं केलं तर कुठं बिघडलं. बिघडलं काहीच नाही. पेन जिच्या हातात ती मला राणी करील नाहीतर चोर करील, मला थोडंच समजणार आहे.

शेवगावच्या रस्त्याला फाट्यावर उतरलं की माळावर हा दवाखाना दिसतो. दिसतो म्हणजे तुम्हाला दिसेल. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माणूस मला पिठाच्या डब्यातून उठून आल्यासारखा दिसतो, आणि दुपारच्या उन्हात तर नुसता पांढरा पडदा आणि त्यावर काळी सावली. उन्हाळ्यानंतर शिबिर भरलं की काढून देऊ म्हणाले डॉक्टर. तेच दाखवायला मी मागं आले होते. बाकावर बसल्या बसल्या शेजारणीच्या घरची सगळी हकीकत काढली, ती कुलथेबाईनं ऐकली आणि मला धरून डॉक्टरांपुढं उभी केली.

इथं पुण्याचे मोठे डॉक्टर एक पाहणी करतात. बाई आजारी पडली की तिला नुसतं औषध लागतं का आणखी काही? घरी पाणी कोण आणतं, पोरं कोण बघतं, जनावरापुढं वैरण कोण टाकतं, याचा दुखण्याशी काय संबंध, हे त्यांना शोधायचं आहे. माझ्या सासूनं फुकट सांगितलं असतं, पण ती वारली. कुलथेबाई छापील कागद घेऊन विचारते, तुमच्या गरजा कोणत्या? बाया म्हणतात, काही नको बाई, सगळं बरं आहे. गरज म्हटलं की बाईला वाटतं, हिनं मला भिकारी समजलं. म्हणून माझी नेमणूक. मी खाटेशी बसायचं, चेष्टा करायची, आणि पोटातलं काढायचं. कागदात मावेल ते कागदावर, बाकीचं या रोजनिशीत, रोज जेवणानंतर पाठीमागच्या दारात बसून.

दोन वेळा जेवण आहे, टँकरचं का होईना पाणी आहे. गावच्या विहिरीत यंदा बेडूकसुद्धा उरला नाही. सासरी मला बाज मिळाली ती केस पिकल्यावर. इथं पहिल्या दिवशी लोखंडी खाट. मी बसून बघितली, उठून बघितली, पुन्हा बसले.

एक चूक मात्र लगेच केली. एक बाई बरी होऊन घरी निघाली. येते आजी म्हणाली. मी म्हटलं, ये बाई, ये. तर गहिनीनाथ कंपाउंडर हातातली बाटली तशीच घेऊन धावत आला. म्हणाला, आजी, इथं निघणाऱ्याला या म्हणायचं नाही. दवाखान्यात परत ये म्हणतात का कुणाला? मग काय म्हणू, विचारलं. तर म्हणतो, जा म्हणा. आता घ्या. नवी नवरी असताना बाजाराला निघताना मी एकदा जाते म्हणाले होते, तर सासूनं मुस्काडात दिली होती. निघणाऱ्यानं जाते म्हणू नये आणि घरच्यानं जा म्हणू नये, एवढं एकच शिक्षण माझं झालंय. मी त्याला म्हटलं, मी नुसती मान हलवीन. कुलथेबाई लिहिता लिहिता हसते आहे. हिचं अजून लग्न नाही. उद्यापासून हिला रोज एक स्थळ सुचवणार आहे.

९ नोव्हेंबर १९७२

भाऊबीज झाली. कुलथेबाई नगरला भावाकडं जाऊन आली. आधी पावडरचा वास आला, मग कुलथेबाई.

वॉर्डात दोन रांगा आहेत, एक खिडकीची, एक भिंतीची. खिडकीच्या रांगेत कडूबाई म्हणून आहे, छातीत कफ भरलेली. औषध घ्यायची पण अन्न तोंडाला लावायची नाही. काय हवं विचारलं की काही नको. मी जवळ बसून म्हटलं, तू इथं निजलीस म्हणून तुझा नवरा किती सुखात असेल गं, घरात कुरकुर नाही. अशी उसळली. म्हणाली, त्याला भाकरी तरी थापता येती का, आणि शेळी उपाशी मारली असंल मेल्यानं, गाभण आहे ती. म्हणजे गाठ शेळीत होती. बाईनं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जीप दोन पेंढ्या घेऊन कडूबाईच्या वस्तीवर गेली. गहिनीनाथनं येऊन सांगितलं, शेळी चांगली आहे, मला शिंग मारलं तिनं. त्या दिवशी कडूबाईनं दीड भाकरी खाल्ली. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, जी आम्ही धडधाकट असूनही नाक मुरडून खातो.

डॉक्टर मला म्हणाले, आजी, तुम्ही माझ्या हाताखाली असायला हव्या होत्या. मी म्हटलं, आहेच की.

२७ नोव्हेंबर १९७२

आज बोलायला चव नाही, तरी बाई बसलीय म्हणून सांगते.

भिंतीच्या रांगेत रंगुबाई होती, माझ्या वयाची. तिला एकच हवं होतं. लेक पलीकडच्या गावात दिली आहे, तिला निरोप द्या. मी म्हटलं, एवढंच ना, सांगून ठेवते. बाईनं लिहून घेतलं. रोज रंगुबाई मला विचारायची, गेला का निरोप? मी म्हणायची, जाईल. जीप रोज त्या गावावरून जाते. शेवटी मी बाजारच्या माणसाबरोबर निरोप धाडला. लेक आज आली. रंगुबाई काल झोपेतच संपली होती.

मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि समजावून सांगितलं. म्हणाले, आजी, ताजव्याला दोन पारडी लागतात. खिडकीच्या रांगेला विचारायचं आणि मागितलेलं द्यायचं. भिंतीच्या रांगेला नुसतं विचारायचं. द्यायचं नाही. मग बघायचं, कोणती रांग लवकर बरी होते. तसं केल्याशिवाय सरकार मानणार नाही. एकदा का मानलं की सबंध जिल्ह्यात प्रत्येक बाईला मिळेल.

मी विचारलं, मग भिंतीकडच्या बायांना विचारता तरी कशाला? ते म्हणाले, न विचारून कसं चालेल, मोजणी सारखी हवी.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं होतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते. कुलथेबाई, खाली मान घालून काय लिहितेस? तुला माहीत होतं.

माहीत होतं म्हणाली.

मी गाठोडं बांधलं होतं. मग सोडलं. गावाला कुणी नाही, पाणी नाही. पोरगा उसातून येईपर्यंत मला ही खाट आहे. तर मी पण भिंतीकडं बसून विचारत राहणार, बाई तुला काय हवं.

१५ जानेवारी १९७३

काल संक्रांत झाली. तीळ नव्हते, बाईनं नगरहून हलवा आणला होता, तो सगळ्या बायांच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवला. कुंकू लावत असताना जीपमधून एक पोरगी उतरवली, तापानं फणफणलेली. लंकाबाई. नवरा सूर्यभान तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडतो, ही पण फोडत होती, बाळंत होऊन दोन महिने झालेले. कडूबाई सकाळीच घरी गेली, पण तिची धुतलेली खिडकीची खाट अजून ओली होती. म्हणून लंका भिंतीकडं गेली. खाट वाळली असती तर हिचं नशीब निराळं असतं.

ही पोरगी हुशार आहे. मला पहिल्या झटक्यात मावशी म्हणाली. चौथी पास आहे, भिंतीवरची पाटी वाचून दाखवली मला: येथे थुंकू नये. मी म्हटलं, एवढी शाळा शिकून खडी फोडतेस होय? तर म्हणाली, न शिकलेल्यांपेक्षा माझी खडी जास्त चौकोनी असते. मला ही आवडली.

तिला काय हवं ते काढायला चेष्टा लागली नाही. चोळी पुढून भिजलेली होती, तिच्याकडं बोट करून म्हणाली, माझी तान्ही आणा. पोर कामावरच्या पालात सासूजवळ आहे. बकरीच्या दुधात पाणी घालून चिंधीनं पाजतात. बारसं पण व्हायचं राहिलंय, नाव नाही, नुसती तान्ही. मागल्या महिन्यात खिडकीकडच्या एका बाईचं पोर जीपनं आणून शेजारच्या खोलीत ठेवलं होतं, डब्याचं दूध देऊन. लंकेनं ते कुणाकडून तरी ऐकलंय. म्हणून तिला वाटतं, मागितलं की आणतात.

मी म्हटलं, आणू की.

का म्हटलं कोण जाणे. सवयीनं.

२६ जानेवारी १९७३

झेंडा झाला, पेढे वाटले. लंकेनं तिचा पेढा उशाखाली ठेवलाय, तान्ही आली की जिभेला लावायचा म्हणून.

दूध पिळून ती वाटीत काढते आणि गहिनीनाथ मोरीत ओततो. भिंतीच्या त्या कोपऱ्याला आंबट वास धरलाय. अंगाला अजून खडीच्या भुकटीचा वास आहे, कितीही पुसली तरी जात नाही. सूर्यभान परवा येऊन गेला. मी म्हटलं, तूच आण ना पोरगी. तो म्हणाला, मी गेल्या खेपेला आणली होती, फाटकावरनं परत धाडली, भिंतीकडच्या पेशंटचं पोर आत घ्यायचं नाही म्हणे.

आज बाई कागद घेऊन आली. लंका म्हणाली, मला पेन द्या, माझं मागणं मी लिहिते, मला येतं. कुलथेबाई म्हणाली, नाही गं, लिहायचं काम आमचं. लंका म्हणाली, तुम्ही काय लिहिता कोण जाणे, रोज लिहिता आणि काहीच होत नाही, म्हणजे अक्षर चुकत असेल. बाईनं पेन दिलं नाही. नियम आहे. मग लंका बोटानं भिंतीवर लिहीत बसली. मी विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, तान्ही आणा, तान्ही आणा. मावशी, ‘न्ही’ला जोडाक्षर आहे, ते मला येतं.

मी डॉक्टरांच्या पुन्हा पाया पडायला गेले. ते कासावीस झाले. म्हणाले, एका खाटेला दिलं की दोन वर्षांचं काम वाया.

मग मी लंकेच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. म्हटलं, पाहणी गेली खड्ड्यात, तुझी तान्ही मी आणून तुझ्या हातात देईन. तिनं माझा हात धरला. उलथन्यासारखा तापलेला हात.

२ फेब्रुवारी १९७३

लंका गेली.

दुपारची निजायची वेळ होती. मी दाराकडं तोंड करून तांदूळ निवडत होते, म्हणजे बोटांनी चाचपत होते. पाठीमागं खाट वाजली. लंकेचा आवाज आला, चांगला, स्वच्छ, घरातून निघणाऱ्या बाईचा असतो तसा: मावशी, येते हं. मी मान न वळवता म्हणाले, ये गं बाई, लवकर ये.

मग खाट वाजली नाही. गहिनीनाथनं पाहिलं, तर ती बसल्या बसल्याच भिंतीला टेकून संपली होती. पदर नीट केलेला. गहिनीनाथनं माझं ‘ये’ ऐकलं होतं.

बाई, हे लिही. लिहू का म्हणून विचारू नकोस, जसं म्हणाले तसं लिही. लवकर ये म्हणाले.

डॉक्टरांना मी म्हटलं, आता तरी पोर आणा. ते म्हणाले, बघतो. कागदाच्या हिशेबानं पेशंट नाही म्हणजे मागणंही नाही.

कुलथेबाई उद्या पुण्याला जाणार, सगळे कागद घेऊन, बेरजा करायला. वही इथंच ठेवते म्हणाली, परत आले की पुढं लिहू. आताच येते म्हणून टाकलं तिनं. मी मान हलवली.

२ फेब्रुवारी १९७३

बाई, तू जानार म्हनलीस आन आलीस की परत. बरं झालं. मला दुपारी इथं येकटीला बसवंना झालंय.

बोलत का न्हाईस? पुन्याला मोठ्या सायबांनी झापलं का? बरं, नको बोलू. लिव. पन किती हळू लिवतीस गं आज, पयलीतल्या पोरीवानी. येक येक अक्षर कोरतीस.

मी रोज डॉक्टरच्या मागं हाय. तान्ही आना, तान्ही आना. मी शबूद दिलाय. काल त्यांनी कानावर हात ठिवलं, पन हसून. म्हंजी विरघळत्याल.

आज वाचून दावलं न्हाईस. उठून चाललीस तशीच, येते न म्हनता.

२ फेब्रुवारी १९७३

शिवरात झाली. ऊन लई तापाय लागलंय. तू दारात बसतीस तर मला नुसतं पांढरं आन त्यात तू काळी.

पावडर लावायची सोडली का गं? येक स्थळ सांगून आलंय म्हनून सांगनार हुते, तर तुझ्या अंगाला हा कसला वास? आंबट. आन धुळीचा. खडी फोडल्याचा. वहीवर काय तरी ठिबकतंय, मी बोट लावलं तर चिकट.

म्हटलं, समद्या बायांना इचारते, आज तुला इचारते. बाई, तुला काय पायजे?

ती बोलली. इतक्या दिसांत पयल्यांदा. म्हनली, माझी तान्ही आना.

कुलथेबाईचं लगीन झालेलं न्हाई.

२ फेब्रुवारी १९७३

गहिनीनाथला इचारलं. कुलथेबाई पुन्याला गेली ती अजून आलेलीच न्हाई. तिचं पत्र आलंय तिथनं. मी म्हटलं, मग दुपारी दारात कोन बसतं? तो म्हनला, आजी, तुमी येकट्याच बसता आन बडबडता, आमी बघतो की. मी वही त्याच्या हातात दिली. त्यानं पानं परतली. मग म्हनला, आजी, समद्या पानांवर येकच तारीख कशी? लंका गेली ती. आन हे अक्षर कुनाचं?

वही टाकून गेला. त्या दारानं आता येत न्हाई.

मी आज बोलनारच न्हवते. गप बसले. तर ती उठली, आन खाटांकडं निघाली, खिडकीकडच्या येका बाळंतिनीकडं. तिच्या कुशीत पोर हाय. मी घाईनं म्हटलं, लंके, बस, सांगते, लिव. तर येऊन बसली.

म्हंजी बोलत ऱ्हायचं. बोलत हाय तवर तिचे हात पेनात गुतलेत.

२ फेब्रुवारी १९७३

डॉक्टर आज लई खूश. पुन्याच्या बेरजा झाल्या. खिडकीची रांग जिंकली. आता भिंतीच्या रांगंलाबी द्यायचं ठरलं, ज्यांनी ज्यांनी मागितलं तेवढं समदं. म्हनले, आई न्हाई म्हनून लंकेचं पोर वाळून चाललंय, तिला हितं ठेवून दूध पाजू. उद्या दुपारी जीप आनती. पयली तान्ही, आजी, तुमच्यासाठी.

मी म्हटलं, नका आनू. पाया पडते. कुठंबी न्या, नगरला न्या, हितं नका आनू.

ते हसले. म्हनले, तुमीच तर रोज माझ्या मागं हुतात.

व्हय. मीच हुते. मीच शबूद दिला — हातात देईन म्हनले —

लंके, तू येवढी भरभर कवापासनं लिवाय लागलीस.

२ फेब्रुवारी १९७३

सकाळधरनं ठरवून बसले हुते. तान्ही यायच्या आत हिला वाटंला लावायची. मीच बोलावलीय, मीच धाडनार. निघनाऱ्याला जो शबूद आमच्यात कुनी म्हनत न्हाई, ज्याच्यापायी सासूनं मुस्काडात दिली, जो गहिनीनाथनं पयल्या दिशी मला शिकिवला, तो हिला म्हनायचा.

पदर खवला. सावलीकडं तोंड केलं. म्हनले, लंके, ये.

हलली न्हाई. पुन्यांदा म्हनले. ये.

घसा फोडून म्हनले. ये.

पेन तीनदा वाजलं. नुसतं पेन.

लंके, तू काय लिवलंस? मी काय म्हनले आन तू काय लिवलंस? वाचून दाव. वाचून दाव मला —

मला अक्षर येत न्हाई गं —

२ फेब्रुवारी १९७३

जीप आली. पोर माझ्या मांडीवर ठिवलं आन गहिनीनाथ दूध कालवाय गेला. वजन न्हाई पोरीला. मांजराचं पिल्लू बरं. डोळं उघडं हायत, माझ्याकडं न्हाई बघत. माझ्या पलीकडं बघती. हसती —

लिव लंके. मी सांगते, लिव. माझं म्हायेर काष्टीकडचं, बाप बाजारात घोंगड्या इकायचा, काळ्या घोंगड्या, पांढऱ्या घोंगड्या — लिवलंस का — जोडाक्षर नीट काढ — आमच्या दाराला बाभळ हुती, तिच्यावर सुगरनीचे खोपे — बघू नको इकडं, वहीत बघ — कडूबाईच्या शेळीला दोन करडं झाली, येक काळं, येक — आन रंगुबाईची लेक —

दूध आलं का रं गहिनीनाथ. लवकर. ये. न्हाई, तुला न्हाई, तू थांब — लंके, मी त्याला म्हनले, तुला न्हाई —

पोरीनं हात पुढं केलंत. माझ्या चोळीवर वलं ठिबकतंय. पेढा. जिभंला पेढा लावती कुनी — पेढा कुठनं —

लिवत ऱ्हा. माझी गुनाची हायस तू, चौथी पास. लिवत ऱ्हा. तिचं नाव लिव, बारसं करू, तू सांग नाव — पेन खाली ठिवू नको. हात नको काढू वहीवरनं. लंके, पेन खाली ठि